विरोत आचानांचा उजवा कान

कल्पना माणसाच्या डोक्यात येते हे खरं. पण डोकं पगारावर असेल, तर कल्पना पगार देणाऱ्याची असते. जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांनी हे फार पूर्वीच ओळखलं. आमच्या श्रीसमुद्र विद्यापीठाने ते जरा उशिरा ओळखलं, पण एकदा ओळखल्यावर इतक्या निष्ठेने अमलात आणलं, की त्यापायी एका प्राध्यापकाचा उजवा कान विद्यापीठाच्या मालमत्तेत जमा झाला. थुंगफो गावात लोक या प्रकरणाची थट्टा करतात, म्हणून खरी हकिगत सांगणं मला भाग आहे. सांगायचा अधिकारही मलाच आहे, कारण 'संशोधन, नवोपक्रम व बाह्य व्यावसायिक कार्य धोरण समिती'चा सदस्य-सचिव मी. (समितीत सदस्य पुष्कळ आहेत आणि सचिव एक. चर्चा सदस्यांनी करायची आणि काम सचिवाने, ही विभागणी धोरणातच आहे.)

धोरण आलं ते बँकॉकहून आलेल्या एका परिपत्रकामुळे. आर्थिक वर्ष संपायच्या आत प्रत्येक विद्यापीठाने किमान एक नवोपक्रम दाखवावा, नाहीतर श्रेणी उतरवली जाईल, असं मंत्रालयाने कळवलं. आमच्याकडे त्या वेळी दाखवण्यासारखं एक कारंजं होतं आणि तेही बंद होतं. विद्यापीठाचे प्रमुख, म्हणजे आमचे अधिकारपती, यांनी तातडीने धोरण करायला सांगितलं. धोरण झालं की नवोपक्रम आपोआप होतील, असा त्यांचा विश्वास होता. मी चांगलं जाडजूड धोरण तयार केलं. ते सर्वानुमते मंजूर झालं, म्हणजे सगळ्यांनी सही केली आणि कुणीही वाचलं नाही.

आता विरोत आचानांबद्दल. (आमच्याकडे शिकवणाऱ्याला आचान म्हणतात, शिकवत नसला तरी म्हणतात.) कृषी अभियांत्रिकीचे प्राध्यापक, वय पन्नाशीचं, अंगाने सडसडीत. कुणाला 'नाही' म्हणायची वेळ आली तर आधी माफी मागतील आणि मग 'हो' म्हणतील, असा स्वभाव. त्यांनी कित्येक वर्षं घालवली एका यंत्रात. यंत्राचं नाव 'शब्दवेधी'.

आमचा मुलूख दुरियानचा. दुरियान म्हणजे फणसाचा तापट चुलतभाऊ: बाहेर काटे, आत लोणी, आणि वास असा की हॉटेलवाले दारावर मनाईची पाटी लावतात. हे फळ तयार झालंय की नाही ते वरून कळत नाही. रबर लावलेल्या काठीने टकटक करायची आणि कान द्यायचा. कच्चं फळ टणटण बोलतं, तयार झालेलं बद्द वाजतं. ऐकण्यात चूक झाली, तर गिऱ्हाईक घरी जाऊन फळ फोडतं, आत खडू निघतो, आणि मग ते गिऱ्हाईक फळ घेऊन परत येतं, काट्यांसकट.

शब्दवेधीने हे ऐकायचं काम करावं अशी योजना होती. पहिल्या चाचणीत त्याने सगळी फळं कच्ची ठरवली. सुधारणा केल्यावर सगळी पिकलेली ठरवली. शेवटच्या चाचणीत एका विद्यार्थ्याचं हेल्मेट चुकून पट्ट्यावर राहिलं, तर शब्दवेधीने ते 'परवा सकाळी खाण्यायोग्य' असल्याचं सांगितलं. (अहवालात 'यंत्राच्या निष्कर्षांत आत्मविश्वास दिसतो' असं नोंदवलं आहे.) पण यंत्राचं उत्तर ताडून बघायचं, तर तेच फळ आधी माणसाने वाजवून ऐकावं लागे, मग फोडून बघावं लागे, मग कुणीतरी खावं लागे. खाण्याची तरतूद अनुदानात 'नमुन्यांची विल्हेवाट' या शीर्षाखाली होती, आणि त्या काळात विभागातल्या बहुतेकांनी विजारी नव्या शिवल्या. वाजवून ऐकायचं काम मात्र विरोत आचान एकटेच करत.

अशा रीतीने अनुदान संपलं. यंत्र काही शिकलं नाही. विरोत आचान शिकले.

त्यांच्या बायकोची थोरली बहीण लमायताई हिची पुलाजवळच्या बाजारात दुरियानची गाडी आहे. फुलाफुलांची टोपी, हातात कोयता आणि नदीपलीकडे ऐकू जाईल असा आवाज. हंगामात दर शनिवारी विरोत आचान तिच्या गाडीवर बसत आणि फळं वाजवून देत. त्यांनी 'आज रात्री खा' म्हटलं की फळ त्याच रात्री तयार होई. 'सोमवारी फोडा' म्हटलं की सोमवारी. लोक लांबून लांबून येत. ताई त्यांना पैसे देत नसे. दुपारी नारळाच्या दुधातला चिकट भात आणि त्यावर दुरियानचे दोन गरे, एवढंच.

एका शनिवारी कण्णिकाबाई तिथे फळ घ्यायला गेल्या. कण्णिकाबाई म्हणजे आमच्या समितीच्या अध्यक्षा. नवोपक्रमाच्या शोधात त्या इतक्या हैराण झाल्या होत्या, की कारंजं दुरुस्त करणाऱ्या माणसालाही त्यांनी 'यात नवीन काय आहे?' असं विचारून पाहिलं होतं. त्यांनी विरोत आचानांना काठी वाजवताना पाहिलं, फळ तिथेच फोडून घेतलं, एक गरा खाल्ला आणि डोळे मिटले.

"आचान, हे तुम्ही शिकलात तरी कुठे?"

"विद्यापीठातच की, बाई," विरोत आचान सरळपणाने म्हणाले. "शब्दवेधीच्या अनुदानावर."

लमायताईने मागून त्यांच्या पाठीत बोट खुपसलं. "अरे, आजोबांनी शिकवलं म्हण ना!" ती पुटपुटली. (तिचं पुटपुटणं तीन गाड्यांपलीकडे ऐकू गेलं.) पण उशीर झाला होता. कण्णिकाबाईंनी डोळे उघडले होते.

सोमवारी समितीची तातडीची बैठक झाली. आमचे कायदा सल्लागार दमरोंग यांनी जो युक्तिवाद केला, तो मी इतिवृत्तात ठळक अक्षरांत घेतला आहे. ते म्हणाले, "अनुदान खर्च झालेलं आहे. खर्च झाला म्हणजे निष्पत्ती झालीच पाहिजे. ती यंत्रात नाही, हे शास्त्रीय पद्धतीने सिद्ध झालेलं आहे. मग ती जिथे सापडेल तिथून उचलायची. ती यांच्या कानात सापडलेली आहे."

कुणालाच यात खोट काढता येईना. विरोत आचानांना बोलावून घेतलं.

"काठी मारताना कोणता कान पुढे करता?" दमरोंगनी विचारलं.

"उजवा."

"आणि डावा?"

"लहानपणी सोंगक्रानच्या पाणी उडवायच्या सणात पोरांनी पिचकारी मारली होती, तेव्हापासून त्याचं जेमतेमच आहे."

"मग डावा तुमचा खाजगी."

विरोत आचानांनी हात जोडून समितीचे आभार मानले. (समितीने डावा कान सोडून दिला, ही गोष्ट आमचे टीकाकार कधी सांगत नाहीत.)

उजव्या कानाची नोंद कुठे करायची, यावर मात्र चर्चा लांबली. वर्षभरात संपणारा माल एका वहीत जातो आणि टिकाऊ माल दुसऱ्या. टिकाऊ मालाला आमच्याकडे गुरुभांड म्हणतात. कान टिकाऊ आहे, आणि गुरूचाच आहे, तेव्हा तो गुरुभांडांत, खुर्च्या आणि टेबलपंख्यांच्या खाली नोंदवला. दरसाल घसारा धरून अमुक वर्षांनी त्याची किंमत शून्य होणार. मग निर्लेखन आणि लिलाव. लिलावात मूळ धारकाला प्राधान्य द्यावं ही शिफारस मी स्वतः घातली. मी काही दगड नाही.

गुरुभांडावर क्रमांक घालावा लागतो. भांडारपाल पांढरा ऑइलपेंट आणि बारीक ब्रश घेऊन आले, तेव्हा विरोत आचान पहिल्यांदा जरासे मागे सरले. मी मध्ये पडून स्टिकरवर भागवलं. तो कानाच्या पाळीमागे लावला. आंघोळीने निघे, म्हणून नवा लावायला मला अधूनमधून त्यांच्या घरी जावं लागे.

पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी ओराथाई दारातच उभ्या होत्या. त्या गावातल्या शाळेत गणित शिकवतात. समितीचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं.

"लग्नाला इतकी वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "माझं एक अक्षर यांच्या कानात शिरत नाही. आज कळलं का ते. कान घरचे नव्हतेच!"

"एकच कान, वहिनी," मी दुरुस्ती केली. "डावा तुमच्याकडेच आहे."

"तो बिघडलेला आहे."

"तो आहे त्या स्थितीत दिलेला आहे."

आता बाह्य व्यावसायिक कार्याचा मुद्दा. लमायताईच्या गाडीवर विद्यापीठाची मालमत्ता मोबदल्यावर वापरली जात होती. (मोबदल्याच्या व्याख्येत 'रोख, वस्तुरूप अथवा खाद्यरूप' असे शब्द आहेत. 'खाद्यरूप' मी घातला. तेव्हा माझ्या मनात दिवाणखान्यातल्या मेजवान्या होत्या, चिकट भात नव्हता. पण कायदा सगळ्यांना सारखा.) तरी समितीने माणुसकी सोडली नाही. विरोत आचानांनी शनिवारी गाडीवर बसायला हरकत नाही, फक्त उजव्या कानाने ऐकायचं नाही, असा मधला मार्ग काढला. कार्यशाळेतून कान झाकायचं एक झाकण दिलं, त्यावर विद्यापीठाचं बोधचिन्ह. अंमलबजावणी होते की नाही हे बघायला मला पाठवलं.

विरोत आचान स्टुलावर बसले होते. उजव्या कानावर नारंगी झाकण, मांडीवर काठी. गिऱ्हाइकांनी घोळका केला होता.

"काय झालं हो आचान? कान दुखतोय?"

"दुखत नाही. विद्यापीठाचा आहे."

"आं?"

"विद्यापीठाचा आहे!"

"मग आम्हाला फळ कोण बघून देणार?"

लमायताईने कोयता फळीवर आपटला. "डावा आहे ना? डाव्याने ऐक!"

विरोत आचानांनी मान फिरवली, डावा कान फळाला टेकवला आणि काठी मारली. बराच वेळ ऐकलं. पुन्हा मारली. त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव होता, की परक्या गावात कुणीतरी पत्ता सांगतंय आणि आपण नुसती मान डोलावतोय. अखेर ते म्हणाले, "हे... आज रात्री."

ते त्या रात्री नव्हतं. पुढच्या कुठल्याही रात्री ते नव्हतं. शिवणकाम करणाऱ्या सावाटबाई रविवारी सकाळी ते फळ परत घेऊन आल्या आणि सगळ्या बाजारासमोर फळीवर ठेवून निघून गेल्या. पुढच्या शनिवारी आणखी फळं परत आली. त्याहून वाईट म्हणजे, देवळात भिक्षूंना दान केलेली फळंही कच्ची निघाली. भिक्षूंनी दानाबद्दल तक्रार करायची नसते. मठाधिपती लमायताईकडे बघून नुसते हसले. ते हसू तिच्या जिव्हारी लागलं.

त्या दिवशी तिने भरदुपारी गाडी आवरायला घेतली. न विकलेली फळं टोपल्यात जात होती. विरोत आचान झाकण हातात धरून उभे होते आणि ते कुठे ठेवावं हे त्यांना सुचत नव्हतं.

"ताई, माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळे नाही रे," लमायताई म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज पलीकडच्या गाडीपर्यंत गेला नाही. "तुझ्या कानामुळे. आणि तो तुझा नाही. मग तुला बोलून काय उपयोग?"

मग ती माझ्याकडे वळली. ती मला नावाने हाक मारत नाही. "काय हो समिती, खरं सांगा. हे सगळं ठरवलं कुणी?"

"सर्वानुमते झालं, ताई."

"म्हणजे कुणीच नाही."

मी इतिवृत्तात ही भेट 'समाधानकारक' अशी नोंदवली. घरी जाताना मात्र मी बाजारातून गेलो नाही, मागच्या रस्त्याने गेलो.

दरम्यान विद्यापीठात आनंदीआनंद होता. नवोपक्रम नुसता असून चालत नाही, तो समाजापर्यंत पोचावा लागतो. म्हणून उजवा कान भाड्याने देण्याची जाहिरात काढली. हमरस्त्यावरच्या एका निर्यातदाराने तो घेतला. त्याच्या पॅकिंग शेडमध्ये दर शनिवारी विरोत आचानांना विद्यापीठाच्या गाडीतून नेऊन सोडायचं, झाकण काढायचं, संध्याकाळी झाकण लावून परत आणायचं. भाडं विद्यापीठाला. शेडमध्ये पट्टे घरघरत, फळं एकामागून एक येत, आणि खायला कुणी एक गरा देत नसे.

परतताना विरोत आचान गाडीत मला म्हणाले, "सचिवदादा, माफ करा, एक विचारू का? मी ताईच्या गाडीवर बसलो तर ते बाह्य काम. आणि इथे बसतो ते?"

"तंत्रज्ञानाचं हस्तांतरण."

"काठी तीच, फळ तेच, शनिवार तोच. मग फरक काय?"

"पावतीवरचं नाव," मी म्हणालो. ते डावा कान माझ्याकडे करून बसले होते, त्यामुळे त्यांना नीट ऐकू आलं की नाही सांगता येत नाही. गाडी पुलावरून गेली तेव्हा लमायताईची जागा रिकामी दिसली, आणि त्यांनी मान खाली घातली.

पुढच्या आठवड्यात मी स्टिकर बदलायला गेलो, तर ओराथाईवहिनी जेवायला बसा म्हणाल्या. आंबट माशाचं कालवण होतं. (कार्यालयीन भेटीत मिळालेलं जेवण हे आतिथ्य, मोबदला नव्हे. व्याख्या बघावी.) ताटांच्या बाजूला धोरणाची प्रत पडली होती, आणि तिच्यावर लाल खुणा होत्या. वहिनी ती शाळेतल्या वहीसारखी तपासत होत्या.

"इथे 'तथापि' चुकलंय," त्या म्हणाल्या. "इथे कर्ता नाही. आणि हे कलम बघितलंत का हो तुम्ही?" हे नवऱ्याला. "विद्यापीठाच्या खर्चाने, जागेत अथवा वेळेत आत्मसात केलेलं प्रत्येक कौशल्य, रीत अथवा युक्ती कर्मचाऱ्याने स्वतःहून समितीला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास शिस्तभंग."

विरोत आचानांचा घास हातातच राहिला. "प्रत्येक?"

"प्रत्येक."

"मी तर फक्त कानाचं कळवलं!" ते घाबरेघुबरे होऊन माझ्याकडे वळले. "दादा, मला माहीत नव्हतं हो. आईशपथ माहीत नव्हतं. तिथं मी पंचवीस वर्षं आहे, किती काय काय शिकलो असेन! आता काय करायचं?"

"कळवायचं," मी म्हणालो. कलम मीच लिहिलं होतं, आणि ते कुणीतरी वाचलेलं बघून, खरं सांगतो, मला भरून आलं.

वहिनींनी लाल पेनाला टोपण घातलं. त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. पण विरोत आचानांच्या मनात कपट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्यांनी निव्वळ भीतीने कळवायला सुरुवात केली. पहिल्या हप्त्यात आलेलं असं:

एक, बैठकीत हनुवटी पेनावर टेकवून डोळे उघडे ठेवून झोपण्याची रीत, जिच्यात माणूस विचारात पडल्यासारखा दिसतो. दोन, प्रयोगशाळेतला वातानुकूलक चपलेच्या एका फटक्यात चालू करणं. (चप्पल डावीच हवी.) तीन, 'हो' हा शब्द पाच सुरांत म्हणता येणं, त्यांतल्या चार सुरांचा अर्थ 'नाही' असा होतो. चार, धान्य वाळवायच्या भट्टीत आम्लेट करणं. पाच, जिन्यावरच्या पावलांवरून अधिकारपतींची मनःस्थिती ओळखणं. (हे उजव्या कानाने होत असल्यामुळे आधीच्या नोंदीला जोडावं का, अशी पृच्छा त्यांनी नम्रपणे केली होती.)

कण्णिकाबाई आनंदाने वेड्या व्हायच्या राहिल्या. एक नवोपक्रम मागितला होता, ढीग आला! त्यांनी लगेच सगळ्या विभागांना परिपत्रक काढलं: विरोत आचानांचा आदर्श घ्या, जे जे शिकलात ते ते कळवा, न कळवणाऱ्यांवर कारवाई होईल.

मग जो पूर आला, तो पाहण्यासारखा होता. हिशेब खात्यातल्या बाईंनी समोरच्याला रागावू न देता चार वेळा परत पाठवण्याची कला कळवली. ग्रंथपालांनी पुस्तक न उघडता परत करणारा वाचक चेहऱ्यावरून ओळखण्याची कळवली. वाहनचालकांनी संयुक्तपणे, पाहुण्यांच्या चपला बघून बक्षिसी मिळेल की नाही ते सांगण्याचं शास्त्र कळवलं. दमरोंगनी स्वतः, कुठल्याही प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे असं पुस्तक न उघडता सांगण्याची युक्ती कळवली. इतिहासाच्या एका प्राध्यापकांनी जरा कुत्सितपणे लिहून पाठवलं, की विद्यापीठात आपण काहीही शिकलो नाही. दमरोंगनी त्यावर मत दिलं: इतकी वर्षं विद्यापीठाच्या पूर्ण खर्चाने जतन केलेलं अज्ञान हेही विद्यापीठाचंच आहे, त्याची वेगळी नोंद घ्यावी. घेतली.

आर्थिक वर्ष संपलं तेव्हा श्रीसमुद्र विद्यापीठ नवोपक्रमांच्या संख्येत देशात पहिलं आलं. दुसरं आलेलं विद्यापीठ इतकं मागे होतं, की मंत्रालयाने त्यांच्याकडे खुलासा मागितला. अधिकारपती बँकॉकला जाऊन सोनेरी ढाल घेऊन आले आणि भाषणात म्हणाले, की आमच्याकडे झोपेतसुद्धा नवोपक्रम होतात. हे शब्दशः खरं होतं.

अडचण एवढीच झाली, की प्रत्येक नवोपक्रमाचं मूल्यांकन, गुरुभांड क्रमांक, हितसंबंधांची छाननी आणि घसाऱ्याचा दर हे सगळं ठरवायचं होतं, आणि ठरवणारी समिती एकच. प्रकरणं कोणत्या क्रमाने घ्यायची? विद्यापीठात क्रम एकच असतो: ज्येष्ठतेचा. जो सगळ्यात आधी शिकला त्याचं आधी. ग्रंथपाल निवृत्तीला टेकलेले, तेव्हा पहिला नंबर त्यांचा. विरोत आचानांचा कान त्या मानाने हल्लीच तरबेज झालेला, त्याचा नंबर पार शेवटी लागला. आधीच्या निर्णयाचं काय, असं कुणीतरी विचारलं. दमरोंगनी पुस्तक न उघडता सांगितलं, की सर्व प्रकरणांना समान न्याय हवा, म्हणून जुना निर्णय स्थगित. अंतिम निर्णय होईपर्यंत प्रत्येक नवोपक्रम, मग तो कान असो वा चप्पल, मूळ धारकाच्या ताब्यात राहील. भाडेकरारही स्थगित.

बैठका नियमित होतात. ग्रंथपालांच्या प्रकरणावर चर्चा प्रगतिपथावर आहे.

हे पत्र मी स्वतः घेऊन गेलो. विरोत आचानांनी ते वाचलं, पाळीमागचा स्टिकर नखाने हळूच सोडवला आणि दोन्ही हातांनी मला परत दिला. मग ते मोटरसायकलवर बसून पुलाकडे निघाले. मीही मागून गेलो. देखरेखीची जबाबदारी अजून माझ्यावरच होती.

लमायताईची गाडी उघडी होती, पण गिऱ्हाईक नव्हतं. ती टोपी तोंडावर घेऊन खुर्चीत पडली होती. विरोत आचानांनी स्टूल ओढलं, ढिगातून एक फळ उचललं आणि काठी मारली.

टोपी जागची हलली नाही. पण टोपीखालून आवाज आला. "कोणत्या कानाने?"

"उजव्या."

"परवानगी आहे?"

"निर्णय व्हायचाय."

"कधी?"

विरोत आचानांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "ताई, घाई केली तर अन्याय होतो."

टोपी खाली आली. लमायताई माझ्याकडे बघून अशी हसली, की पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बायकांनी वळून पाहिलं. तिने कोयता उचलला, आचानांच्या हातातलं फळ फोडलं आणि एक गरा माझ्यापुढे धरला. "खा, समिती. आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडलात." आत पिवळंधमक लोणी होतं. मी ते नमुना तपासणी म्हणून खाल्लं. संध्याकाळपर्यंत रांग लागली होती, आणि तीत सावाटबाई सगळ्यांच्या पुढे होत्या, जणू काही झालंच नव्हतं. ओराथाईवहिनी शाळेतून परस्पर तिथे आल्या आणि आल्या आल्या नवऱ्याच्या उजव्या बाजूला बसून भडाभडा बोलू लागल्या. बरंच साठलेलं असावं.

असं हे प्रकरण. आता तुम्ही हसाल. कानासारखी स्वतःची वस्तू कुणी न वाचलेल्या कागदापायी दुसऱ्याची होऊ देणारी माणसं बघून कुणीही हसेल. जरूर हसा. फक्त मला एक सांगा. परवा तुमच्या फोनवर एक पाटी आली होती: 'मी सर्व अटी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत.' तुम्ही काय केलंत? त्या अटींत तुमचं काय काय दुसऱ्याच्या नावावर गेलं, तुमचा आवाज, तुमचा चेहरा, की तुम्ही रात्री कुठे असता ते, याची समिती कुठे बसते, तिचा सचिव कोण, आणि तो शनिवारी कुठल्या बाजारात भेटतो, हे तुम्हाला माहीत आहे का? आमचे लोक अडाणी असतील, पण त्यांनी न वाचलेल्या कागदावर निदान सही केली होती. तुम्ही शिकलीसवरली माणसं, आणि अंगठा उठवून मोकळे झालात.